रविवार म्हण, उत्त्या

उत्त्या,

बावड्याच्या कोपऱ्यावर तुझा बोर्ड लागलाय. पोरांनी हौसेनं चांगला मोठा करून आणलाय. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली शोकाकुल म्हणून तीस-पस्तीस जणांचे पासपोर्ट फोटो, आणि मधोमध तू, हेल्मेट घातलेला. तोंडावर ती लोखंडी जाळी आणि जाळीच्या आत दोन डोळे. परवा एक पावणं मोटारसायकल थांबवून मला विचारायला लागलं, "कोन गेलंय म्हनायचं हे? तोंडच दिसंना की."

मी म्हटलं, "उत्तम. दूध संस्थेतला."

"आनि ही बादली कशापायी घातलीया डोस्क्यात?"

तू असतास तर रस्त्यातच खाली बसून हसला असतास. मलाही हसू आलं. मग गाडी चालवणं जमेना, म्हणून चहाच्या गाड्याशेजारी थांबून राहिलो. तो फोटो मीच दिला होता. पोरं मागायला आली तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये तुझे ढीगभर फोटो होते, पण गेल्या चार वर्षांतल्या एकाही फोटोत तू माझ्याकडे बघत नाहीस, माझ्या मागं कुठंतरी बघतोस. तसा तू चौकात लावायला मला देववेना. म्हणून जुना दिला, आणि आता शाळेला जाता-येता रोज तुला त्या जाळीत बघतोय.

तुला जाऊन बावीस दिवस झाले. दूध संस्थेच्या पायरीवर बसल्या बसल्या आकडी आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. त्या दिवसापासून मी तुझ्याबद्दल बरंच काही बोललो. रक्षाविसर्जनाला बोललो, शाळेत पोरांसमोर बोललो. सगळं खरंच होतं. पण जे बोलायला पाहिजे होतं ते बोललो नव्हतो. परवा ते बोलून झालं. आता तुला सांगतो.

आपण दोघं कबड्डीची पोरं. तू चढाईला जाणारा, मी कोपऱ्यात पाय धरणारा. अमेरिकन फुटबॉलची लीग निघणार म्हणून ते लोक खेळाडू शोधत आले, तेव्हा आपल्याला वाटलं काहीतरी फसवाफसवी असणार. नारळासारखा लांबट चेंडू. एक जण तो तुझ्या पोटाशी देणार, तू छातीशी कवटाळून पळणार, आणि समोरचे अकरा जण तुला आडवा करणार. त्या गोऱ्या कोचनं तुला पाच मिनिटं पळताना पाहिलं आणि 'रनिंग बॅक' म्हणून वहीत लिहून टाकलं. मला विचारलं, तू काय करतोस? तूच पुढं होऊन मोडक्या हिंदीत सांगितलंस, "ये मेरे आगे पळता है." तसं झालं. तुझ्या पुढं दोन पावलं मी. माझ्या हातात चेंडू कधी यायचाच नाही. समोर येईल त्याला धडक द्यायची आणि तुला वाट करून द्यायची, एवढंच माझं काम.

गावात सांगितलं तर तुझे आण्णा म्हणाले, "हातात धरून पळत्यात आनि फुटबॉल म्हनत्यात? कुनी शिकवलं रं ह्यास्नी?" पेठांतली खरी फुटबॉलवाली पोरं तर आपल्याला बघून शिट्ट्या मारायची. पण टीव्हीवर आपली पहिली मॅच दाखवली आणि तिसऱ्या दिवशी ह्याच कोपऱ्यावर तुझा बोर्ड लागला. 'बावड्याचा वाघ'. तू कॅम्पमधून फोनवर तो फोटो बघितलास आणि मला म्हणालास, "संज्या, आता लई घान झाली गा. बोर्ड लागलाय. आता बाकड्यावर बसलो तर गावात कुठल्या तोंडानं येऊ?" तेव्हा आपण दोघंही हसलो होतो.

मग ती रविवारची मॅच. ती गोष्ट बावड्यात कुणाला माहीत नाही? दोन धिप्पाड पोरांनी तुला दोन्हीकडून धरलं, तुझं डोकं जमिनीवर आपटलं, आणि तू उठून थेट दुसऱ्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिलास. मी तुला हाताला धरून आणला. डॉक्टर धावत आला. तो केरळकडचा. त्याला मराठी येत नव्हतं, तुला इंग्रजी येत नव्हतं, आणि हिंदीच्या बाबतीत तुम्ही दोघंही सारखेच. बीपीएड झालेला म्हणून दुभाषा मी. त्यानं विचारलं, आज वार कोणता?

मी अगदी गंभीर तोंड करून तुला विचारल्यासारखं म्हटलं, "रविवार म्हण, उत्त्या."

"रविवार," तू म्हणालास.

त्यानं विचारलं, खेळाचा कितवा भाग चाललाय? मी म्हटलं, "तिसरा म्हण." तू तीन बोटं वर केलीस. डॉक्टरनं तुझी पाठ थोपटली आणि तू परत मैदानात.

काय हसलो होतो आपण आठवडाभर! गावी आल्यावर तर तू त्याचं नाटकच बसवलंस. लग्नात, बारशाला, गणपतीच्या मांडवात, कुठंही चार माणसं जमली की तू उभा राहायचास. आधी डॉक्टर व्हायचास, मग भुवया चढवून मी व्हायचास, मग डोळे फिरवून स्वतः व्हायचास. तुझी पोरगी सानिका चार वर्षांची असल्यापासून ते नाटक बघत आली. सगळ्यात मोठ्यानं तीच हसायची. संगीता वहिनी भाकऱ्या थापता थापता हसायच्या. मीही तुझ्या शेजारी उभा राहून मान डोलवायचो.

त्या नाटकात मॅच एकच असायची. दुसऱ्या वर्षीच्या तीन तू कधी सांगितल्या नाहीस. मीही नाही.

तीनपैकी पहिल्या दोन साध्या होत्या असं म्हणू. तू मला विचारलंस, काय सांगू? मी सांगितलं. तू म्हणालास. नियम असा होता की डॉक्टरला शंका आली तर दोन आठवडे बाहेर. दोन आठवडे बाहेर म्हणजे तुझ्या जागी तो हरियाणाचा पोरगा, आणि तो पोरगा स्वतःचा पुढं पळणारा घेऊन आला होता. तू बसलास की मीही बसणार होतो. हे मी परवापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वाटतं मी दोस्तीसाठी केलं. दोस्ती होतीच रे. पण माझी जागाही होती.

तिसरी वेळ मात्र साधी नव्हती. तुला पाडलं, तू उठलास, चालत माझ्यापर्यंत आलास. डॉक्टर शेजारी उभा होता. मी नेहमीसारखं म्हटलं, "शनिवार म्हण." तू माझ्याकडं बघत राहिलास. मग फार नम्रपणे मला विचारलंस, "पावणं, कुटलं तुम्ही?"

डॉक्टरनं विचारलं, काय म्हणतोय?

मी म्हटलं, "ही इज फाइन, सर. जोकिंग."

त्यानंतर दोनच डाव झाले आणि तुझी ती धाव आली. बावड्यात अजून जिची रेकॉर्डिंग फिरते ती. पाच जणांना झाडून तू शेवटच्या रेषेवर पडलास. रेफ्रीनं हात वर केले, मग खाली घेतले. म्हणाला, रेषेच्या आधी गुडघा टेकला, म्हणजे धाव तिथंच संपली. गुण नाही. ती मॅच आपण हरलो. पुढच्या वर्षी लीगच बंद पडली, आणि आपण आपापली हेल्मेटं पिशवीत घालून एसटीनं घरी आलो.

तेव्हापासून तुझं एकच. "टेकला नव्हता गा गुडघा. बोटभर वर हुता." माझं एकच. "टेकला होता. मी समोर होतो." दहा-बारा वर्षं आपण हे भांडत आलो. मिसळीच्या गाड्यावर भांडलो, बंधाऱ्यावर पाय सोडून भांडलो. माझ्या लग्नात मुंडावळ्या बांधलेल्या असताना तू माझ्या कानात म्हणालास, "आज तरी मान की." मी नाही मानलं. तू ती रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा बघायचास, तेव्हा गावाला वाटायचं काय हौस आहे गड्याला. मला माहीत होतं तू का बघतोस. ती धाव तुला आठवतच नव्हती. सगळ्या गावानं डोक्यावर घेतलेली तुझी ती एक धाव, आणि तूही ती गावासारखीच टीव्हीवर पाहिलेली.

मग हळूहळू तू आत जायला लागलास. आधी नुसतं डोकं दुखायचं. मग गणपतीचा आवाज सोसेना, म्हणून दारं-खिडक्या लावून बसायला लागलास. मग कारखान्याच्या भोंग्याचाही राग यायला लागला. आयुष्यभर ज्याच्यावर घड्याळ लावलं तो भोंगा! एकदा सानिकाच्या हातून ताट पडलं तर तू भिंतीवर अशी मूठ मारलीस की बोट मोडून घेतलंस, आणि पाच मिनिटांनी तिलाच विचारलंस, "माझ्या हाताला काय झालं गं?" दूध संस्थेत फॅट बघायचं काम तुझं, ते जमेना म्हणून त्यांनी तुला नुसतं कॅन उतरवायला ठेवलं. माणसं चांगली होती. कुणी बोललं नाही. पण तुला कळत होतं.

सगळ्यात वाईट ते पट्ट्याचं. बोलता बोलता तू हनुवटीखाली हात न्यायचास आणि चाचपायचास. एकदा मला म्हणालास, "संज्या, ह्याचा पट्टा सोड की. लई टाइट झालंय." मी म्हटलं, "कशाचा?" तू डोक्याकडं बोट केलंस. तुझ्या डोक्यावर काही नव्हतं. मी तरी हनुवटीखाली हात घालून सोडल्यासारखं केलं. तू मान हलवून बघितलीस आणि म्हणालास, "न्हाय निघंना." मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं, आणि मी गेलोसुद्धा. गाडी पार्क केलीय मधेच, असं काहीतरी सांगून.

डोक्याच्या डॉक्टरांकडं नेलं तेव्हा वहिनी, तू आणि मी. त्यांनी विचारलं, पूर्वी कधी डोक्याला जोराचा मार लागला होता का? वहिनींनी माझ्याकडं पाहिलं, कारण तिथं तुझ्याबरोबर मीच होतो. मी म्हटलं, "खेळात लागायचं थोडंफार. तसं विशेष नाही." मग त्यांनी तुला विचारलं, हल्ली साल कुठलं चालू आहे? आणि तू माझ्याकडं पाहिलंस. तसंच, त्या वेळेसारखं. उत्त्या, माझे ओठ हलले. मी सांगितलं तुला. तू म्हणालास. डॉक्टर मराठी होते, त्यांना सगळं दिसलं. ते फक्त म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसता का?" पुढं त्यांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या, आणि शेवटपर्यंत प्रामाणिकपणे सांगत राहिले की नक्की कशामुळं ते सांगता येत नाही. त्या 'नक्की नाही'चा मी फार आधार घेतला. चार वर्षं त्याच्याआड लपून बसलो.

जायच्या आधी महिनाभर, तू अंगणात खुर्चीवर होतास. तुझा दिवस बरा होता. मला म्हणालास, "खरं सांग. टेकला नव्हता न्हवं?"

मला तुझी इतकी दया आली की मी म्हटलं, "नव्हता टेकला. तुझंच बरोबर होतं."

तू खूश होशील असं वाटलं होतं. तू माझ्याकडं नीट बघितलंस, किती दिवसांनी माझ्याकडंच बघितलंस, आणि म्हणालास, "म्हंजे मी लई आजारी हाय तर."

मग आत गेलास. मी खुर्ची उचलून पडवीत ठेवली आणि घरी आलो.

आता गेल्या रविवारचं सांगतो. सानिकाची रग्बीची निवड चाचणी होती. तू गेल्यावर ती जाणार नाही असं सगळ्यांना वाटलं, पण वहिनीच म्हणाल्या, "जाऊ दे. घरात बसून भिंतीकडं बघत बसतीया." संघ माझाच, शाळेतल्या पोरी. तुझी पोरगी अगदी तुझ्यासारखी पळते, उत्त्या, डावा खांदा आधी घालते. दुसऱ्या भागात ती चेंडू घेऊन सुटली, एका पोरीनं कमरेला धरलं, दुसरी वरून आली, आणि तिचं डोकं जमिनीवर आपटलं. तो आवाज मला ओळखीचा होता.

ती उठली. माती झटकली. हसलीसुद्धा. तिथली फिजिओ, पुण्याकडची एक तरुण मुलगी, तिच्यासमोर उभी राहिली आणि तिनं विचारलं, "आज वार कोणता आहे?"

सानिकानं माझ्याकडं पाहिलं.

तुझेच डोळे. गोंधळलेले, आणि तरी एकदम निवांत, कारण काका आहेत, काका सांगतील. लहानपणापासून तिनं बघितलेलं तेच नाटक, आणि आता ती त्यात उभी. शब्द माझ्या घशात आला होता. रविवारच होता रे. 'रविवार म्हण' एवढं म्हटलं असतं तर पोरगी निवडली गेली असती, महाराष्ट्राकडून खेळली असती, कोपऱ्यावर बोर्ड लागला असता.

मी म्हटलं, "मला विचारू नकोस. तूच सांग."

तिला सांगता आलं नाही. फिजिओनं तिला बाहेर बसवलं. चाचणी हातची गेली. थोड्या वेळानं ती भानावर आली आणि मग जी रडली! सगळ्या मैदानासमोर मला म्हणाली, "पप्पांना सांगितलासा न्हवं? मग मला का न्हाय?"

तिच्या पाठीवर हात ठेवायला गेलो तर तिनं झटकला.

रिक्षानं तिला घरी आणली. वहिनी भाकरी करत होत्या. मी उंबऱ्यातच बसलो आणि सगळं सांगून टाकलं. रविवारचं, वाराचं, माझ्या जागेचं, हरियाणाच्या पोराचं. वहिनी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला काय नवीन सांगालाईसा? ते सांगायचे की हसत हसत. मी बी हासलोय की त्याला. किती वर्सं हासलो."

"ती एक वेळ होती, वहिनी," मी म्हटलं. "चार वेळा झालं."

त्यांचा हात परातीत थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, सानिकानं उठून उलटली.

"आणि शेवटच्या खेपेला," मी म्हटलं, "त्यानं मला ओळखलंच नव्हतं. मी डॉक्टरला म्हटलं, चेष्टा करतोय."

मला वाटलं त्या मला घरातून काढतील. काढायला पाहिजे होतं. त्यांनी तवा उतरवून ठेवला. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "उद्या हिला घेऊन दवाखान्यात जायाचं हाय. तुम्ही बी चला. पर डॉक्टर इचारतील तवा तुम्ही गप बसायचं."

मी गेलो. त्याच डॉक्टरांकडं. त्यांनी मला ओळखलं, पण बाहेर बसा म्हणाले नाहीत. सानिकाच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, बोटं मोजायला लावली आणि विचारलं, "आज वार कोणता?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. वहिनींनीही पाहिलं. मी माझ्या बुटांकडं बघत राहिलो. खोलीत पंख्याचा आवाज होता. ती आठवत होती. मी एक शब्द बोललो नाही. डॉक्टरांनीही घाई केली नाही. केवढा वेळ गेला असेल, एखादं मिनिट नसेल, पण मला वाटलं की सगळी दहा-बारा वर्षं त्यात मावतील.

"सोमवार," सानिका म्हणाली. आणि सोमवारच होता.

एवढंच करायचं होतं, उत्त्या. गप बसायचं आणि तुला आठवू द्यायचं. आठवलं असतं तर खेळला असतास, नसतं आठवलं तर बसला असतास. बाकड्यावर, माझ्या शेजारी. तेवढं एक मिनिट मी तुला चार वेळा दिलं नाही. तुला वाट करून द्यायचं काम माझं होतं, आणि मी तुला त्या जाळीतच कोंडून आलो. आता माफी मागावी तर तू नाहीस. सानिकाला महिनाभर खेळायचं नाही. माझ्याशी बोलत नाही अजून, पण आज शाळेत जाताना माझ्या गाडीवर बसली.

पोरांना सांगून आलोय, उद्या बोर्डावरचा फोटो बदला. अंगणातल्या खुर्चीवरचा दिलाय. त्यात तू माझ्या मागं कुठंतरी बघतोस. असू दे. तोंड तरी दिसेल.

आणि एक. त्या दिवशी अंगणात मी खोटं बोललो. गुडघा टेकला होता. मी समोर होतो, मी बघितलं. टेकला होता, उत्त्या.

आता बोल.